ड्रुपल समुदाय

ड्रुपल समुदाय हा 'ड्रुपल' या मुक्त-स्रोत संकेतस्थळ-प्रणालीची निर्मिती, दुरुस्ती व भाषांतर करणाऱ्या विकसकांचा आणि स्वयंसेवकांचा जागतिक समूह आहे. ड्रुपल पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असून जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळते. भारत सरकारचे 'मायगव्ह' हे संकेतस्थळ याच प्रणालीवर उभारले गेले. आशियातील पहिली 'ड्रुपलकॉन' ही परिषद १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या काळात पवई येथील आयआयटी मुंबईत भरली.

उगम आणि नाव

बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट यांनी अँटवर्प विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहातील मित्रांसाठी एक छोटा संदेशफलक तयार केला. त्यासाठी डच भाषेतील 'डॉर्प', म्हणजे गाव, हे नाव नोंदवताना अक्षरांची अदलाबदल होऊन 'ड्रॉप' असे टंकले गेले. पुढे थेंब या अर्थाच्या 'ड्रुपेल' या डच शब्दावरून प्रणालीचे आजचे नाव आले. जानेवारी २००१ मध्ये तिचा स्रोत सर्वांसाठी खुला झाला.

साधने आणि कामाची रीत

विकसक 'गिट' वापरून बदलांची नोंद ठेवतात, 'कंपोझर'ने पूरक घटक आणतात व 'ड्रश'ने आज्ञावलीतून संकेतस्थळ हाताळतात. मात्र समुदायाचा खरा कणा म्हणजे 'इश्यू', अर्थात दोषांची जाहीर नोंद. एकाने दोष नोंदवायचा, दुसऱ्याने दुरुस्ती जोडायची, तिसऱ्याने ती आपल्या संगणकावर पडताळायची आणि मग देखरेख करणाऱ्यांनी ती स्वीकारायची, असा हा क्रम आहे. स्वतःच्या दुरुस्तीला स्वतःच मान्यता देणे शिष्टसंमत नाही. दोष नेमका कसा उद्भवतो हे नीट लिहून देणे हेही मोलाचे योगदान ठरते. त्यासाठी प्रोग्रॅमिंगपेक्षा स्वच्छ गद्य अधिक लागते.

मुंबईतील परिषद

आठवी आवृत्ती १९ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी मुंबईची परिषद झाली. ड्रुपलकॉनमध्ये व्याख्यानांइतकेच महत्त्व 'स्प्रिंट'ला असते. त्यात अनुभवी विकसक नवख्यांना शेजारी बसवून प्रत्यक्ष इश्यूवर काम करवून घेतात. वसई-विरारच्या विद्यार्थ्याला पवई गाठायची तर लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा असा प्रवास करावा लागतो. तेथे शिकलेले काम मात्र त्याला पुढे घरच्या संगणकावरूनही चालू ठेवता येते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातही ड्रुपलवरील पाठमाला आहे.

मराठी भाषांतर

आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सुविधा प्रणालीच्या गाभ्यातच आल्या. पडद्यावर दिसणारी वाक्ये स्वयंसेवक भाषांतरित करतात. वरवर सोपे वाटणारे हे काम मराठीत अवघड होते ते व्याकरणामुळे. 'अमुक निर्माण झाले' असा संदेश देताना 'अमुक'च्या जागी काय येईल हे भाषांतरकाराला ठाऊक नसते. लेख निर्माण 'झाला', बातमी 'झाली', पान 'झाले'. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. विभक्तीचीही तीच अडचण आहे. 'पुस्तक' या शब्दाला 'ला' जोडताना 'पुस्तकाला' असे सामान्यरूप करावे लागते, पण यंत्र आयत्या वेळी शब्द जसाच्या तसा बसवते. त्यामुळे 'निर्मिती पूर्ण: अमुक' अशी क्रियापद टाळणारी रचना करणे श्रेयस्कर. 'नोड'साठी 'गाठ' हा शब्द योजणे भाषाशुद्धीला धरून असले तरी वाचकाला बुचकळ्यात पाडणारे आहे.

सुरक्षा

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी सातव्या आवृत्तीतील एका गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्या दोषामुळे लॉग-इन न करताही विदागारात घुसणे शक्य होते. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न बसवलेले प्रत्येक संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेले असे समजावे, असा इशारा समुदायाच्या सुरक्षा-गटाने पुढे दिला. ती घोषणा झाली तेव्हा भारतात रात्र होती. सातव्या आवृत्तीचा समुदायाकडून मिळणारा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे केवळ अद्ययावत करणे नव्हे. संकेतस्थळ बहुतांशी नव्याने बांधून जुना मजकूर त्यात हलवावा लागतो.