निकालापलीकडचा बीड जिल्हा

4 जून 2024 रोजी बीड लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. पुढच्या काही दिवसांत, हा पराभव सोसवला नाही म्हणून समर्थकांनी आयुष्य संपवल्याच्या बातम्या आल्या आणि धीर धरा, असे आवाहन खुद्द पंकजा मुंडे यांना करावे लागले. पुढे जुलैत त्या विधानपरिषदेवर निवडून आल्या, डिसेंबरात राज्याच्या मंत्री झाल्या. नेत्याच्या वाटचालीतली अडचण सहा महिन्यांत सरली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. ही विषमता मनाला चटका लावते. आरक्षणाच्या प्रश्नावरून गावोगाव माणसे दुभंगली होती, मत हे समाजाच्या इभ्रतीचे माप झाले होते. म्हणून उमेदवाराची हार अनेकांना स्वतःच्या जगण्याची हार वाटली. अशा वेळी नुसते सांत्वन पुरत नाही. हार आणि आयुष्य यांतले अंतर दाखवणारे काहीतरी हाताशी लागते. ते या जिल्ह्याच्या इतिहासात आणि कलेत आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मतांचाच इतिहास घ्यावा. 1967 साली बीडने लोकसभेवर पाठवले ते क्रांतिसिंह नाना पाटलांना. ते सांगली भागातल्या येडेमच्छिंद्रचे, पक्षाने कम्युनिस्ट. म्हणजे ते जिल्ह्याबाहेरचे होते. 1977 साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. मधल्या आणि नंतरच्या काळात काँग्रेस, जनता दल, भाजप अशा सगळ्यांना या मतदारांनी कधी डोक्यावर घेतले, कधी घरी बसवले. पंकजा यांचे वडील गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर 2014 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या दुसऱ्या कन्या प्रीतम मुंडे सुमारे 6 लाख 96 हजार मतांच्या फरकाने जिंकल्या; त्याच मतदारसंघात, त्याच घराण्याची दहा वर्षांनी साडेसहा हजारांनी हार झाली. एवढी मोठी आघाडी जिथे टिकली नाही, तिथे साडेसहा हजारांची हार कायमची कशी ठरेल? बीडचे मत जातीवरच पडते आणि पडत राहणार, हा निराशेचा सिद्धान्तही 1967 पाशी अडखळतो. इतिहास इथे धीर देतो तो गौरवगाथा सांगून नव्हे, निकालांचे आयुष्य किती थोडे असते हे दाखवून.

मतपेटी येण्याआधीही सत्तेच्या उलथापालथीत माणसे होरपळतच होती. त्यांनी त्या दुःखाचे काय केले, हे जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत पाहायला मिळते. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले. 1240 चा शिलालेख ती हकीकत सांगतो. यादवांचे राज्य पुढे शंभर वर्षेही टिकले नाही, पण बहिणीने दगडावर कोरवलेले भावाचे नाव आजही वाचता येते. दासोपंतांची कथा याहून बोलकी आहे. परंपरा सांगते की वडिलांकडून महसूल वेळेत पोचला नाही, म्हणून बीदरच्या बरीदशाहीने या मुलाला ओलीस ठेवले. सुटका झाल्यावर ते दत्तभक्तीकडे वळले आणि अखेर अंबाजोगाईत स्थिरावले. तिथे त्यांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिले, आकृत्या काढून समजावले. ती पासोडी अजून जपलेली आहे. पंचमहाभूतांतून देह आणि जग कसे घडते, हा तिचा विषय. या हिशेबात बादशहा आणि ओलीस एकाच मातीचे ठरतात. दासोपंत 1615 मध्ये गेले, बरीदशाही 1619 मध्ये विजापूरने गिळली. ज्या सत्तेने मुलाला धरून ठेवले ती संपली, कापड राहिले.

ही पळवाट आहे, असा आक्षेप येईल. हरलेल्याने मंदिरे बघत बसावे आणि सत्ता जिंकणाऱ्यांवर सोडावी काय? याचे उत्तरही अंबाजोगाईच देते. हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत राजकीय संघटनेला मोकळीक नव्हती. 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ या गावात आले, तेव्हा त्याचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. त्यांनी योगेश्वरी विद्यालयाची धुरा घेतली आणि भाषा, इतिहास, शिस्त यांवर मुले घडवली. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा ते सत्याग्रहात उतरले आणि पुढे निजामाविरुद्धच्या 17 सप्टेंबर 1948 पर्यंतच्या लढ्याचे नेते झाले. शाळेतली ती वर्षे राजकारणापासूनची सुटी नव्हती. माणसे तयार होण्याचा काळ होता. बंद दारासमोर डोके आपटण्यापेक्षा त्यांनी आत माणूस उभा केला. पराभवानंतरच्या पाच वर्षांकडे तसे पाहता येते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: इतिहासानेच तर आग लागते. आपले संत, आपले गड, आपले महापुरुष अशी वाटणी करून तोच इतिहास सभांच्या व्यासपीठावर चढतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच कोणत्या इतिहासाकडे वळायचे हे सांगितले पाहिजे. जो आपल्याच पूर्वजांचा विजय पुन्हा पुन्हा ऐकवतो, तो पुढच्या निवडणुकीचा प्रचार असतो. बीड शहराची खजाना विहीर वेगळे शिकवते. ती सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत खोदली गेली. ती निजामशाही 1636 मध्ये बुडाली आणि विहीर पुढच्या राजवटींतल्या शेतांना पाणी देत राहिली. तिच्या पाण्याने कोणाची जात विचारली नाही. जे सर्वांच्या उपयोगी पडले तेच टिकले, हा त्यातला अर्थ कुणाच्याही विरोधात वापरता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला पासोडी बघायला सवड कुठे, असेही कुणी म्हणेल. पण कीर्तन, भारूड आणि सप्ताह वाडी-तांड्यापर्यंत पोचलेले आहेत. कलेची वाट गावात आधीच आहे. गरज आहे ती निकालानंतरच्या आठवड्यात त्याच पारावर दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसवण्याची, आणि शाळेत 1967 चा बीड व लक्ष्मीचा शिलालेख शिकवण्याची. ज्याला हे माहीत असेल तोही हरल्यावर रडेल, चिडेल, पुन्हा प्रचाराला लागेल. पण जीव द्यावा इतकी एक मतमोजणी मोठी नाही, हे त्याला ठाऊक असेल. ते ज्ञान गावागावात पोचवणे हे कोणत्याही पक्षाच्या विजयाइतकेच महत्त्वाचे सार्वजनिक काम आहे.