देवडीवरचा पहारेकरी

मराठीत ‘उठणे’ या एकाच क्रियापदावर आपण दोन कामे भागवतो. ‘नाना उठले का?’ असे विचारले, तर नानांची झोप मोडली का, असाही अर्थ होतो आणि ते पायांवर उभे राहिले का, असाही होतो. जागे होणे आणि चालू लागणे यांची अशी गाठ भाषेने का मारली, ते व्याकरणकार सांगोत. परंतु गेल्या शे-सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने एक मौज उघडकीस आणली आहे. देहातही ही गाठ आहे, आणि ती मेंदूच्या देठात आहे.

मेंदू खाली निमुळता होत मज्जारज्जूला मिळतो, तो हा देठ; शास्त्रात त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या वरच्या भागात डाव्या-उजव्या अंगाला पेशींचा एकेक लहानसा पुंजका असतो. बर्लिनच्या लुई याकोबसोन यांनी १९०९ साली त्याचे वर्णन केले. त्याचे काम काय, हे कळायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत युरोपात एक चमत्कारिक साथ आली. माणसे आठवडेच्या आठवडे झोपून राहत. व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमो यांनी १९१७ साली या रोगाची हकीकत प्रसिद्ध केली. दगावलेल्या झोपाळू रोग्यांचे मेंदू त्यांनी तपासले, तेव्हा इजा सापडली ती देठाच्या वरच्या टोकापाशी. म्हणजे जागेपणालाही मेंदूत ठावठिकाणा होता! या साथीतून जे वाचले, त्यांतल्या कित्येकांचे अंग पुढे ताठरले आणि चालणे खुंटले.

१९४९ साली मोरुझ्झी आणि मागून या दोघांनी शिकागोत मांजरांच्या याच देठातील जाळीदार भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला. मेंदूच्या निद्रिस्त लहरी क्षणात जागेपणीच्या झाल्या. पुढे १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्हस्की यांनी याहून नवल दाखवले. थोरल्या मेंदूशी संबंध तोडलेले मांजर त्यांनी सरकत्या पट्ट्यावर धरले आणि देठातील एका ठिकाणी प्रवाह सोडला. मांजर चालू लागले. प्रवाह वाढवला, तसे ते दुडक्या चालीने धावले आणि मग चौखूर उधळले! हे ठिकाण त्या जुन्या पुंजक्याला अगदी लागून होते.

मी बाळापूरचा. त्यामुळे हे वाचताना मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा आमचा किल्ला माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. किल्ल्याच्या देवडीवर जो रात्री जागतो, तोच पहाटे दरवाजा उघडतो. पहारा एकाकडे आणि किल्ल्या दुसऱ्याकडे असे ठेवले, तर ऐन वेळी खोळंबा व्हायचा. मेंदूच्या देवडीवरचा बंदोबस्तही काहीसा असाच आहे. ज्याला चालायचे त्याने आधी जागे असले पाहिजे. म्हणून दोन्ही कामे शेजारी-शेजारी आहेत.

हा पहारेकरी थकला म्हणजे काय होते, ते मी घरात पाहिले आहे. आमच्या थोरल्या काकांना कंपवात होता. या रोगाचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. त्यावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. हे द्रव्य आपल्या खाजकुयलीच्या बियांतही असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून १९३७ साली वेगळे काढले होते. गोळ्यांनी काकांच्या हाताचा कंप उतरला. पण उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळत, आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागे. घरात कोणी त्याला हट्ट म्हणे, कोणी आळस. तेच काका बैठकीतल्या आडव्या पट्ट्यांच्या सतरंजीवर मात्र पट्टा-पट्टा ओलांडत सरळ चालत जात, तेव्हा तर ‘सोंग’ हा शब्दही ऐकू आला. काका काही बोलत नसत. नुसते पायांकडे पाहत.

ते सोंग नव्हते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की कंपवाताच्या रोग्यांत या पुंजक्यातील पेशीही मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या असतात. या पेशींचा निरोप डोपामिनने नव्हे, तर अॅसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याने जातो. गोळी कंपाला लागू पडूनही पाय अडतात, याचे हे एक कारण असावे. आणि समोर रेघ दिसली, की पावलाला डोळ्यांच्या वाटेने हुकूम मिळतो, असे तज्ज्ञ मानतात. २००५ साली ब्रिस्टल आणि रोम येथील शस्त्रवैद्यांनी या पुंजक्यात बारीक तारा बसवून पाहिल्या. काही रोग्यांची पावले सुधारली, काहींची नाही. २०१० साली पॅरिसहून एक वार्ता आली: अशा तारांतून विजेचे ठोके मंद गतीने दिले तर रोगी तरतरीत होई, आणि जलद दिले तर काही मिनिटांत झोपी जाई.

तेव्हा या दिवाळीत अभ्यंगाला एखादे आजोबा उशिरा उठले आणि न्हाणीघराच्या उंबरठ्याशी थबकले, तर त्यांना ‘चला, चला’ म्हणून ओढू नका, तोल जायचा. क्षणभर थांबा. त्यांच्या पावलापुढे फरशीवर एक रेघ दाखवा, नाहीतर आपलेच पाऊल आडवे ठेवा आणि ते ओलांडायला सांगा. पुष्कळदा तेवढ्याने वाट मोकळी होते.