न कुजणारे जाळे

इतिहासाची साधने बहुधा टिकाऊ वस्तूंची असतात. ताम्रपट टिकतात, शिलालेख टिकतात, किल्ल्यांचे बुरूज टिकतात. जाळे टिकत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी चेंदणी, विटावा, कळवा येथे आणि उल्हास नदीच्या भरतीच्या पट्ट्यात थेट डोंबिवली-कल्याणपर्यंत कोळी-आगरी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि चिंबोऱ्या धरल्या. या दीर्घ व्यवहाराचे भौतिक अवशेष मात्र जवळजवळ काहीच उरले नाहीत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात मासेमारीची दखल आहे. पण सरकारी दफ्तराची नजर साहजिकच उत्पन्नावर असते. काय हाती लागले ते लिहिले जाते. काय हातचे गेले, ते कोण लिहिणार?

त्या काळी ते लिहिण्याचे कारणही नव्हते. जाळे तागाचे किंवा सुताचे असे. ते लवकर कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवावे लागे, उन्हात वाळवावे लागे, पावसाळ्यात बसून सांधावे लागे. कुजणे हा जाळ्याचा जन्मजात दोष मानला जाई आणि कोळ्याच्या घरचे कितीतरी श्रम त्या दोषाशी झुंजण्यात खर्ची पडत. असे जाळे वादळात तुटून गेले, तर नुकसान मालकाचे होई; खाडीला त्याची झळ पोचत नसे. चिखल ते काही काळात जिरवून टाकी. तोटा व्हायचा, पण तो तेथेच संपायचा.

हा हिशेब बदलला तो एका दूरच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले. आपल्या किनाऱ्यावर स्वातंत्र्योत्तर काळात, यांत्रिक होड्यांच्या पाठोपाठ, कृत्रिम धागा आला आणि त्याचे स्वागतच झाले. त्यात चूक काढण्याचे कारण नाही. जाळे हलके झाले, मजबूत झाले, काढ्यांचा व्याप सुटला. जो दोष पिढ्यांनी सोसला होता तो एका धाग्याने नाहीसा केला. मात्र त्या दोषाच्या पोटात एक गुण दडलेला होता, आणि दोषाबरोबर तोही गेला.

इंग्रजीत अशा बेवारस साधनांना ‘भुताची’ साधने म्हणतात. आपल्याकडच्या लोकसमजुतीत तर हे रूपक अधिकच चपखल बसते. ज्याची वासना मागे अडकली, त्याचे भूत होते. मालक गेला, होडी गेली, तरी जाळ्याची धरण्याची वासना सुटत नाही. बंद पिंजऱ्यात शिरलेला खेकडा उपासमारीने मरतो, त्याचे कलेवर आमिष बनते, त्या वासाने दुसरा येतो. येथे आपल्या ‘फगा’चे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. फग म्हणजे कड्याला जाळी ताणून मध्ये घास बांधलेले साधे साधन. ते उघडे असते. माणसाने वेळेवर वर ओढले तरच चिंबोरी हाती लागते. मानवी हाताशिवाय ते फारसे धरू शकत नाही. तरीही त्याची नायलॉनची जाळी तुटून तिवरांत अडकली, की खेकड्याचे पाय आणि पाणपक्ष्यांची नखे तिच्यात गुंतू शकतात.

जगाने याची नोंद उशिरा घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९ साली या विषयावर अहवाल काढला आणि २०१८ साली साधनांवर मालकाची खूण असावी यासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. २००८ मध्ये तेथील हिवाळी खेकडेमारी बंद झाली, तेव्हा बेकार झालेल्या मच्छीमारांनाच मोबदला देऊन चेसापीक उपसागरातले बेवारस पिंजरे काढण्याच्या कामी लावले. २०१४ पर्यंत चौतीस हजारांहून अधिक साधने बाहेर निघाली. वॉशिंग्टन राज्यात तर खेकड्यांच्या पिंजऱ्याची सुटकेची वाट कच्च्या सुती दोरीनेच बांधावी, असा नियम आहे. पिंजरा हरवला की दोरी कुजते आणि दार उघडते. ज्या कुजण्यावर मात केल्याचा विसाव्या शतकाला अभिमान वाटला, तेच आता कायद्याने मागावे लागत आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक महत्त्वाचे पाऊल टाकले. जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची ती योजना. जीव वाचवण्याची किंमत एकट्या गरिबाने का मोजावी, हा प्रश्न तिने मान्य केला. हेच तत्त्व हरवलेल्या जाळ्यालाही लागू व्हायला हवे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. परंतु अशा सन्मानाने चिखलातली जाळी आपोआप निघत नाही. तिवरांच्या श्वसनमुळांत गुरफटलेला धागा ओढून काढला तर मुळेच मोडतात. ओहोटीच्या वेळा साधून, चिखलात उतरून तो कापून सोडवावा लागतो. ओहोटी कधी, पाय कुठे रुततो, जाळे कुठे अडकते, हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण या खाडीच्या इतिहासात क्वचितच जागा दिली. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन खाडीतला मासा घटला, तो त्यांच्याच ताटातला. आता साफसफाईची वेळ आली असताना त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय ठरेल. त्यांना जाणकार म्हणून बोलवावे आणि त्या जाणकारीचे दाम द्यावे.

जुन्या जाळ्यांनी इतिहासकारासाठी काही ठेवले नाही, ही तक्रार म्हणूनच जपून केली पाहिजे. काही न ठेवता जाणे हीच त्यांची थोरवी होती. आपल्या काळाचा पुरावा मात्र खाडीच्या तळाशी भरपूर साठतो आहे, आणि तो अजूनही मासे धरतो आहे.