नांत शहराचे दगडी मुखवटे

फ्रान्सच्या पश्चिमेस ल्वार नदीच्या कांठीं वसलेलें नांत हें शहर एके काळीं ब्रिटनीच्या ड्यूकांची राजधानी होतें. त्यांचा किल्ला आजहि उभा आहे. प्रॉटेस्टंटांस धर्माचरणाची मर्यादित मोकळीक देणारा चौथ्या हेन्रीचा जाहीरनामा १५९८ सालीं येथेंच निघाला. चौदाव्या लुईनें १६८५ सालीं तो रद्द केला. इतिहासाच्या पुस्तकांत शहराचें नांव येतें तें बहुधा एवढ्यापुरतेंच.

परंतु त्याचें आजचें रूप घडविलें अठराव्या शतकांतील व्यापारानें, आणि हा व्यापार माणसांचा होता. येथील जहाजें कापड घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यास जात (त्यांत हिंदुस्थानचें छापील सुती कापडहि असे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें). त्याच्या मोबदल्यांत घेतलेलीं माणसें कॅरिबियन बेटांवरील मळेवाल्यांस विकून तीं साखर व कॉफी भरून परतत. साडेचार लाखांहून अधिक माणसें या एका बंदराच्या जहाजांनीं वाहून नेलीं. त्या पैशांतून फेदो बेटावर जहाजमालकांचे वाडे उठले. नदीचे फांटे विसाव्या शतकांत बुजविल्यामुळें तें आतां बेट उरलेलें नाहीं. पण वाडे आहेत, भुसभुशीत जमिनीमुळें किंचित् कललेले. त्यांच्या खिडक्यांवर दगडी मुखवटे कोरलेले आहेत. प्रवासी ते शोभा म्हणून पाहतो. त्यांत कांहीं आफ्रिकी चेहरेहि आहेत.

फ्रान्सनें गुलामगिरी १८४८ सालीं कायमची बंद केली. शहरानें मात्र पुढें दीर्घकाळ मौनच पाळलें. २०१२ सालीं नदीच्या धक्क्यावर स्मारक उघडलें. तेथें जमिनींत सुमारें २,००० काचफलक बसविले आहेत. त्यांतील बहुतेकांवर येथून निघालेल्या गुलामवाहू जहाजांचीं नांवें व सफरींच्या तारखा आहेत.