जज़ीरा ते जंजिरा : राजपुरीच्या होडीतला एक प्रश्न

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे, बोदलकसा आहे, आणि गावोगावचे मालगुजारी तलाव आहेत. पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. आमची मुलं पाणी ओळखतात ते धानाच्या बांधीतलं, नाहीतर ढिवराच्या डोंग्याखालचं. उर्दूच्या तासाला 'जज़ीरा' हा शब्द आला की मी म्हणतो, 'चारों तरफ़ पानी, बीच में ज़मीन.' मुलं पाठ करतात. मीही अशीच पाठ केली होती. मराठीच्या तासाला त्याच फळ्यावर 'बेट' लिहितो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा खरा जज़ीरा पाहिला. मी, बायको आणि आठवीत शिकणारी मुलगी. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड. नारळी-पोफळीच्या वाड्या पाहून मुलगी हरखली होती. दुसऱ्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होडीत बसलो. इंजिन नाही. वारा शिडात भरला की होडी एका बाजूला कलते आणि माझ्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

शेजारी एक सज्जन गृहस्थ कुटुंबासह बसले होते. गप्पा सुरू झाल्या. कुठले, काय करता, नाव काय. नाव सांगितल्यावर ते हसून म्हणाले, "मग सर, तुम्हाला तर हा किल्ला बघताना अभिमानच वाटत असेल!" त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पण मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात तांडेलाने शीड उतरवायला सुरुवात केली आणि विषय राहून गेला. तिथे सुचलं नाही ते उत्तर आज लिहितो आहे.

आधी शब्दाचं बघू. 'जंजिरा' म्हटलं की पुष्कळांना जंजीर, म्हणजे साखळी आठवते. पण हा शब्द अरबी 'जज़ीरा'वरून आला. याच शब्दाच्या अनेकवचनावरून, 'अल-जज़ाइर'वरून, अल्जीरिया देशाचं नाव पडलं. कोकणी माणसाच्या तोंडी त्याला अनुस्वार लागला आणि तो मराठी झाला. इतका मराठी, की पुढे तो एका बेटाचं नाव उरला नाही. मराठ्यांच्या कागदपत्रांत विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्यासारख्या जलदुर्गांनाही जंजिरे म्हटलेलं आढळतं. शत्रूच्या किल्ल्याचं नाव आपल्या किल्ल्यांना देताना कोणाला त्यात परकेपणा वाटला नाही.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या खडकावर आधी कोळ्यांचा लाकडी कोट होता. मोठमोठे ओंडके रोवून केलेला मेढेकोट. चाच्यांपासून बचावासाठी तो राम पाटील नावाच्या कोळी नायकाने उभारला, अशी परंपरा आहे. पुढे तो निजामशाही सरदाराला जुमानेना, तेव्हा पिरमखान नावाचा सरदार व्यापारी बनून आला, दारूची पिंपं उतरवली, कोळी पिऊन झिंगले आणि कोट हातातून गेला, असं सांगतात. त्यानंतर लाकडाच्या जागी दगड आला. आजची भक्कम तटबंदी एका माणसाची नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या बांधकामाची आहे.

किल्ला सांभाळणारे सिद्दी मूळचे हबशी, म्हणजे हबश किंवा अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडचे. यातले पुष्कळजण गुलाम म्हणून विकले जाऊन हिंदुस्थानात आले. कोणी शिपाई झाले, कोणी खलाशी, कोणी सरदार. 'सिद्दी' हा शब्द अरबी 'सय्यिदी'पासून आला असं मानतात. त्याचा अर्थ 'माझे धनी'. ज्यांना बाजारात विकलं, त्यांच्याच वंशजांना 'धनी' म्हणायची वेळ इतिहासाने आणली.

अहमदनगरचा मलिक अंबर त्याच वाटेने आला. इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे त्या वेळच्या खडकीची उभारणी त्याचीच. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवलं. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. म्हणजे शिवाजी महाराजांचे चुलते एका हबशी सेनापतीच्या बाजूने लढताना धारातीर्थी पडले. मुलांना हे सांगितलं की ती गोंधळतात. त्यांना दोन रांगांत उभा केलेला इतिहास माहीत असतो. आपले इकडे, ते तिकडे.

त्या रांगा जंजिऱ्याच्या पाण्यात टिकत नाहीत. शिवाजी महाराजांना कोकण किनारा निर्धोक हवा होता आणि सिद्दी हा त्यातला सर्वांत मोठा काटा होता. किल्लेदार फत्तेखान टेकीला आला. किल्ला महाराजांच्या हवाली करायला तो तयार झाला होता. तेव्हा संबळ, कासम आणि खैरियत या त्याच्याच तीन सिद्दी साथीदारांनी त्याला कैद केलं, किल्ला ताब्यात घेतला आणि मोगलांशी संधान बांधलं. १६७१ च्या होळीत दंडाराजपुरीचे मराठे शिपाई सणात रंगलेले पाहून सिद्दी कासमने छापा घातला आणि ते ठाणं परत घेतलं. हाच कासम पुढे याकूतखान या मोगली किताबाने प्रसिद्ध झाला. त्याने १६८९-९० मध्ये मुंबईला वेढा घालून इंग्रजांनाही घाम फोडला. त्याआधी १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेटावर ठाणं घातलं, तेव्हा मात्र हेच इंग्रज आणि सिद्दी एका बाजूला होते. त्यांच्यासमोर मराठी आरमार घेऊन कोण उभे होते? मायनाक भंडारी आणि दौलतखान.

दौलतखानाचं नाव मी मुलीला दोनदा लिहायला लावलं. महाराजांच्या आरमाराचा तो एक प्रमुख. त्याच्या जोडीला दर्यासारंग हा किताब असलेला दुसरा अधिकारी होता, तोही मुसलमान.

आणखी एक प्रसंग आहे. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. राजपुरीहून जाताना तो दूर समुद्रात दिसतो. त्या कामाला लागणारं धान्य आणि पैसा पोचवायची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होती. त्याने दिरंगाई केली. जानेवारी १६७५ च्या पत्रात महाराजांनी त्याला असं झापलं आहे की वाचताना आजही अंगावर काटा येतो. पत्राचा आशय असा : रसद अडवून तू हबशांचंच काम करतो आहेस, तुला त्यांनी काही देऊन फितवलं असावं, आणि तू ब्राह्मण म्हणून तुझी गय होणार नाही. म्हणजे एकीकडे दौलतखान मराठी गलबतावर, आणि दुसरीकडे सिद्दीला सामील असल्याचा संशय जिवाजी विनायकवर! महाराजांनी दोघांनाही एकाच मापाने मोजलं. ते माप कामाचं होतं.

किल्ला घ्यायचे प्रयत्न झाले. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या. मागून यायची फौज वेळेवर आली नाही आणि डाव फसला. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं म्हणून त्याने तो नाकारला, तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू टाकायला घेतला होता. मोगलांच्या स्वारीमुळे ते काम सोडावं लागलं. पेशवाईत १७३६ साली चिमाजी अप्पांनी लढाईत सिद्दी सात याला मारलं. सिद्दीची ताकद खचली, पण बेट त्याच्याकडेच राहिलं.

होडीतल्या गृहस्थांनी अभिमानाचं विचारलं होतं. म्हणून पुढचंही लपवायला नको. सिद्दींनी किनाऱ्यावरची गावं जाळली, माणसं पकडून गुलाम म्हणून विकली. स्वतः ज्या बाजारातून आले, त्याच बाजारात दुसऱ्यांना पाठवलं. त्या गावांत हिंदू होते, तसे मुसलमानही होते. हे वाचताना मला शरम वाटते, पण ती माणूस म्हणून. सिद्दींचं नाव माझ्या नावासारखं आहे म्हणून त्यांच्या पापाचा हिशेब माझ्या घरी येत नाही, आणि त्याच कारणाने त्यांच्या पराक्रमाचा वाटाही येत नाही. माझे वाडवडील वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकवत होते. त्यांना ना सिद्दी ठाऊक, ना समुद्र.

तरीही या बेटाशी माझं एक नातं निघालं, ते भलत्याच वाटेने. पुढे जंजिरा हे संस्थान झालं. मुरुड, श्रीवर्धनपासून थेट काठियावाडातल्या जाफराबादेपर्यंत त्याचा कारभार चाले. मराठी बोलणारे बेने इस्रायली यहुदी शालोम बापुजी इथे कारभारी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या नवाबांच्या बेगम होत्या नाज़ली बेगम, आणि त्यांची धाकटी बहीण अतिया फ़ैज़ी. उर्दू शिकलेल्या माणसाला ही नावं परकी नाहीत. मौलाना शिबली नोमानींचा या बहिणींशी पत्रव्यवहार होता. इक़बालांनी अतियांना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यांना जंजिऱ्याला यायचं निमंत्रण होतं, पण त्यांचं येणं झालं नाही.

मला आवडते ती वेगळीच गोष्ट. १९०६ साली अतिया फ़ैज़ी समुद्र ओलांडून लंडनला गेल्या, त्या शिक्षिका होण्यासाठी, अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायला. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी उर्दूत 'ज़माना-ए-तहसील' या नावाने प्रसिद्ध झाली. बीएड करताना पाठ-टाचणांनी रडकुंडीला आलो होतो, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी अभिमानाचं विचारलंच, तर मी तोफांकडे नाही, या वहीकडे बोट दाखवीन.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. एकही शत्रू जिंकू न शकलेलं बेट कागदावरच्या सह्यांनी भारतात आलं, आणि ते बरंच झालं.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी लाटेवर वर आली की तांडेल हात धरून पायरीवर ओढून घेतो. दरवाजाशेजारी पंजांत हत्ती पकडलेल्या वाघासारख्या श्वापदाचं शिल्प आहे. आत कलालबांगडी तोफ, ढासळलेले वाडे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा मोठा तलाव. त्या तलावापाशी मुलगी थांबली आणि म्हणाली, "अब्बा, हे तर आपल्या नवेगावबांधासारखं!" परतताना खोकरीचे घुमटही पाहिले. याकूतखान तिथे निजला आहे. शेजारी कोणाची तरी बकरी चरत होती.

सुट्टी संपल्यावर शाळेत एक प्रयोग केला. तांडेलाच्या तोंडून ऐकलेले आणि पुस्तकांत वाचलेले शब्द फळ्यावर लिहिले : बंदर, दर्या, खलाशी, सुकाणू, तुफान, नाखवा, सारंग, आरमार, शीड, वल्हं, होडी, डोलकाठी. मग फळ्यावर दोन रकाने आखले, एकीकडे उर्दू, एकीकडे मराठी. मुलांना म्हणालो, वाटून द्या. पंधरा मिनिटं भांडणं झाली. 'बंदर' दोन्हीकडे गेला. 'दर्या'ला कोणी सोडेना. 'सुकाणू' सगळ्यांनी मराठीत टाकला, तो निघाला अरबी 'सुक्कान'. 'आरमार' सगळ्यांनी उर्दूत टाकला, तो निघाला पोर्तुगीज. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घर ढिवराचं, बाप डोंगा चालवतो. तो म्हणाला, "सर, मधली रेघच पुसा ना."

मी रेघ पुसली.