एकच गोळी, निराळे रक्त

हिवतापाचा इतिहास डासापाशी संपत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन नवी औषधे अजमावली जाऊ लागली. पुढे आलेले प्रायमाक्विन बहुतेकांना सोसे. पण काहींची, विशेषतः काही कृष्णवर्णीय कैद्यांची, लघवी काळवंडे, रक्तातील तांबड्या पेशी फुटत.

खोट कोठे होती? १९५४ साली डर्न, आल्व्हिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कैद्यांच्या पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसांच्या अंगात सोडल्या. औषध देताच त्या फुटल्या. उलट, निरोग्यांच्या पेशी त्या कैद्यांच्या अंगात टिकल्या. खोट पेशीतच होती. १९५६ साली कळले, की तेथे जी-६-पी-डी नावाचे विकर कमी पडते. मुलाला हा वारसा आईकडून येतो.

कातडीच्या रंगावरून निदान करणारे मात्र फसतात. हीच उणीव भूमध्य समुद्राकाठी आहे, आपल्या मुंबईच्या पारशी समाजातही आहे. आज प्रायमाक्विनपूर्वी रक्त तपासावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आम्ही चळवळीतली माणसे समतेचा घोष करतो. पण सर्वांना एकच माप म्हणजे समता, असे मानले तर एखाद्याच्या जिवावर बेतते. ज्याच्या-त्याच्या रक्ताची विचारपूस करणे, हा समतेचाच भाग आहे. आणि ही विद्या ज्यांच्या रक्तावर उभी राहिली, ते गजाआड होते. त्यांच्या संमतीला मोकळ्या माणसाच्या संमतीचे मोल कसे द्यावे? औषध घेताना त्यांचे ऋण आठवावे.