भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी

परवा नात शाळेच्या नेतृत्व शिबिरातून आली. हातात प्रमाणपत्र आणि तोंडाची टकळी चालूच. माईकवर न घाबरता कसं बोलायचं, गट कसा सांभाळायचा, सगळं तिने मला करून दाखवलं. मग सहज विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही असायचं का गं?"

मी 'नाही' म्हणणार होते, तेवढ्यात अनुताई वाघ आठवल्या.

अनुताईंचा जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होई, ते आपण आपापल्या घरातल्या जुन्या बायकांकडून ऐकलेलं आहे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत लागल्या. दिवसा शिकवून रात्रशाळेत शिकत 1937 साली मॅट्रिक झाल्या. पुढे बी.ए. झाल्या त्या 1961 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! बी.ए. करताना मला वाटायचं, आपण केवढे कष्ट घेतोय. असो.

कस्तुरबा गांधी 1944 साली गेल्या. त्यांच्या नावाने निघालेल्या ट्रस्टने खेड्यांत काम करू शकणाऱ्या बायका तयार करण्यासाठी बोरिवलीला शिबिर भरवलं. तिथे अनुताईंना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या. पण शहरातल्या बालमंदिरांवर त्यांचं समाधान नव्हतं, त्यांना ते खेड्यात न्यायचं होतं. 1945 साली आपल्याच जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून तिथे आल्या.

शाळा उघडली म्हणून मुलं थोडीच येतात! म्हणून या बायकाच पाड्यांवर जाऊन अंगणात शाळा भरवू लागल्या. अंगणवाडीची कल्पना इथली. 1975 साली सरकारची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला.

1957 मध्ये काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. आणि मुली? त्या का येत नाहीत? कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी मुलगी वर्गात. उपाय इतका साधा, की वाचून मला माझीच लाज वाटली.

कारण 1978 च्या सुमाराला माझ्या वर्गात एक मुलगी अशीच भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडे, वर्ग विस्कटे. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "याला घरी ठेवून ये." ती गेली, ती परत आलीच नाही. मी चार दिवस वाट पाहिली आणि मग हजेरीपटावर फुल्या मारत राहिले. आमच्याच रेल्वेमार्गावर, थोडं वर उत्तरेला, या प्रश्नाचं उत्तर कधीच शोधून ठेवलेलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. खरं तर मी शोधलाच नव्हता. अनुताईंचं 'कोसबादच्या टेकडीवरून' मी वाचलं ते निवृत्तीनंतर.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. पुढे अनुताईंनी 1992 मध्ये डोळे मिटेपर्यंत काम चालवलं. 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र बोरिवलीचं ते शिबिरच मोठं वाटतं. तिथून निघालेल्या एका बाईने शेकडो पोरींच्या कडेवरचं ओझं उतरवलं. नेतृत्व म्हणजे माईकवर बोलणं असेलही, पण समोरची मुलगी का येत नाही हे तिच्या दारात जाऊन पाहणं, ही त्याची पहिली पायरी.

नातीला हे सगळं सांगितलं. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "मग तू त्या मुलीच्या घरी गेलीस?"

"नाही गेले," मी म्हटलं.

प्रमाणपत्राची सुरळी करत ती बराच वेळ गप्प बसली. मीही.